सीझन वाईट होता, की समुद्रच रिकामा झाला होता? भालाशिकाऱ्यांच्या नोंदी कशा वाचायच्या

समजा, तुमच्या हातात एका भालाशिकाऱ्याची जुनी डायरी आली. भालाशिकारी म्हणजे दम रोखून बुडी मारणारा आणि पाण्याखाली भाल्याने किंवा रबराच्या ताणावर चालणाऱ्या बंदुकीने मासा टिपणारा माणूस. या प्रकाराला स्पिअरफिशिंग म्हणतात. पानं उलटताना आठवड्यामागून आठवडे तोच मजकूर दिसतो: पाणी गढूळ, वारा सुटलेला, दोन तास पाण्यात, हाती काही नाही. मग एका पानावर अचानक नकाशा चिकटवलेला, कुठल्या तरी लांबच्या बेटाचा. खाली हिशेब मांडलाय. बोटीचं भाडं, डिझेल, किती दिवस, किती जण. घरचा किनारा उपाशी ठेवायला लागला की या लोकांच्या डायऱ्यांत बेटं उगवतात.

आता तुम्ही पेट परीक्षा पास झालेले, सिनॉप्सिस लिहायला बसलेले उमेदवार आहात असं धरू. या डायरीवरून तुम्ही काय सिद्ध कराल?

पहिल्या झटक्यात ‘त्या काळात मासे कमी झाले’ असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. जरा थांबा. रिकामा हात निदान चार कारणांनी येतो. पाणीच खराब असेल. मासे होते, पण दिसले नाहीत. किंवा तापमान आणि प्रवाह बदलल्यामुळे मासे त्या वर्षी दुसरीकडे गेले असतील. किंवा मासे तिथेच असतील, पण आता माणसाला आणि त्याच्या बंदुकीला ओळखत असतील आणि टप्प्यात येत नसतील. आणि चौथं, मासे उरलेच नसतील. कुडकुडत पाण्याबाहेर आलेल्या शिकाऱ्याला ही चारही कारणं अगदी सारखीच लागतात, आणि तो डायरीत लिहितो, ‘सीझन वाईट’. या दोन शब्दांखाली चारही कारणं झाकली जातात. शिवाय त्यात एक आशा दडलेली असते. सीझन म्हटला की तो संपतो, पुढचा येतो. पण चौथं कारण खरं असेल तर पुढचा येत नाही. तेवढ्यासाठी आज या शब्दांच्या मागे जाऊ या. रस्ता फ्रान्सहून कॅलिफोर्नियाला जातो, म्हणजे थोडा लांबचाच आहे.

भाल्याने मासा मारणं माणसाला हजारो वर्षांपासून माहीत आहे, पण छंद म्हणून केलेली आधुनिक भालाशिकार वाढली ती 1930 च्या दशकात, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, रिव्हिएरात. तिथे गाय गिलपॅट्रिक नावाचा अमेरिकन लेखक राहत होता. आधी तो वैमानिक होता. त्याने विमान चालवताना लावायचा जुना गॉगल घेतला, फटी लांबीने बुजवल्या (खिडकीची काच बसवताना सुतार लावतो तीच लांबी), आणि हातात भाला घेऊन पाण्यात उतरला. 1938 मध्ये त्याचं ‘द कम्प्लीट गॉगलर’ हे पुस्तक आलं. त्याच दशकात, 1933 मध्ये, लुई द कॉर्लियू या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने पायात घालायच्या पंखांचं, म्हणजे फिन्सचं, पेटंट घेतलं. स्प्रिंगवर आणि रबरावर चालणाऱ्या बंदुका बाजारात येऊ लागल्या. गॉगल, पंख, बंदूक, श्वासाची नळी. इतकी साधी साधनं, पण ज्या कपारींपर्यंत जाळं नीट पोचत नव्हतं, तिथे आता माणूस पोचला आणि समोर दिसणाऱ्या माशांतून निवड करू लागला. ही ‘निवड’ लक्षात ठेवा. जाळ्याला मासा दिसत नाही. भालाशिकारी मात्र बघतो, ठरवतो आणि बहुतेक वेळा सगळ्यांत मोठाच टिपतो.

याच किनाऱ्यावर, तुलोंजवळ, 1936 मध्ये नौदलातल्या फिलिप ताय्ये या मित्राने झाक कुस्तोला पाण्याखाली बघायचा गॉगल दिला. हाच पुढे जगभर गाजलेला कुस्तो. थोड्याच वर्षांत फ्रेदेरिक द्यूमा त्यांना येऊन मिळाला. द्यूमा हा त्या काळातला अव्वल भालाशिकारी. कुस्तोच्या 1953 च्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ या पुस्तकात त्याची एक गोष्ट आहे. ले ब्रुस्क या गावी द्यूमाने पैज लावली, की दोन तासांत 220 पौंड, म्हणजे 100 किलो मासे भाल्याने मारून दाखवतो. त्याने फक्त पाच बुड्या मारल्या, 45 ते 60 फूट खोल. चार ग्रूपर आणि एक 80 पौंडांचा दुसरा मासा वर आणला. एकूण वजन 280 पौंड. ग्रूपर म्हणजे आपल्याकडे हेकरू, गोबरा म्हणतात त्या कुळातला मासा.

ही गोष्ट पुरावा म्हणून कितपत चालेल? तुमचे गाईड पहिला आक्षेप घेतील, की ही आख्यायिका आहे. मित्राने मित्राबद्दल सांगितलेली, काही वर्षांनी लिहिलेली, लोकप्रिय पुस्तकातली. आक्षेप बरोबर आहे. यावरून त्या किनाऱ्यावर दर हेक्टरी किती ग्रूपर होते हे कोणीही काढू नये. पण ती फेकूनही देऊ नका. तिच्यात तीन गोष्टी मोजता येण्याजोग्या आहेत: वेळ, खोली आणि वजन. आणि ती ‘सरासरी दिवसा’ची गोष्ट नाही, ‘सगळ्यांत चांगल्या दिवसा’ची आहे. फुशारकीच्या गोष्टींचा संशोधनातला उपयोग इथे असतो. सरासरीची सरासरीशी तुलना करायला डेटा नसेल, तर एका पिढीच्या सर्वोत्तम दिवसाची दुसऱ्या पिढीच्या सर्वोत्तम दिवसाशी तुलना करता येते. त्यावर पुढे येतोच.

त्याच पुस्तकात कुस्तो कबूल करतो, की या शिकारीच्या खुळापायी किनाऱ्यालगतचे मासे जवळजवळ संपले आणि कोळी भयंकर चिडले. त्यांची तक्रार अशी होती, की हे लोक मासे पळवून लावतात, जाळी खराब करतात, जाळ्यातला माल चोरतात, आणि त्यांच्या श्वासाच्या नळ्यांमुळे मिस्त्राल सुटतो. मिस्त्राल म्हणजे तिथला थंड, जोरदार वारा. शेवटच्या आरोपावर वाचक हसतो, आणि मला वाटतं कुस्तोलाही तेच हवं असावं. पण आपण हसून पुढे जायचं नाही. कोळ्यांचा एक आरोप हास्यास्पद म्हणून बाकीचे खोटे ठरत नाहीत. पहिला आरोप तर आरोपी स्वतःच मान्य करतोय! स्वतःच्या हिताविरुद्ध दिलेली कबुली इतिहासात वजनदार मानतात. अर्थात दुसरी बाजूही आहे. ते कोळी त्याच पाण्यात जाळी लावत होते, म्हणजे मासे संपण्यात त्यांचा वाटा शून्य नव्हता. दोन्ही पक्ष एकाच रिकाम्या होत चाललेल्या ताटावर भांडत होते.

माशांनी शिकल्याची नोंदही कुस्तोने केली आहे. नुसता भाला असेल तर मासा थोड्याच अंतरावर थांबतो, बंदूक असेल तर तिच्या टप्प्याबाहेर. पुढे संशोधकांनी हे अंतर पद्धतशीर मोजलं. शिकार चालते तिथले मासे पोहणाऱ्या माणसाला लांबूनच टाळतात, संरक्षित क्षेत्रातले बरेच जवळ येऊ देतात. म्हणजे मघाचं तिसरं कारण काल्पनिक नाही.

आता ग्रूपरकडे वळू, कारण इथे जीवशास्त्र कळल्याशिवाय इतिहास कळत नाही. भूमध्य सागरातला तपकिरी ग्रूपर एकाच कपारीत वर्षानुवर्षं राहतो. कुठे राहतो हे एकदा कळलं की तो सापडतोच. तो सावकाश वाढतो, पन्नास वर्षांहून जास्त जगू शकतो. आणि तो आयुष्य मादी म्हणून सुरू करतो. बरीच वर्षं गेल्यावर, मोठा झाल्यावर नर होतो. सगळ्यांत मोठा मासा निवडून मारणारा शिकारी त्या खडकाच्या आसपासचा एकुलता एक नरच उचलत असण्याची शक्यता मोठी. जाळ्याने शंभर पिल्लं गेली तर वेगळं नुकसान होतं, भाल्याने चार मोठे गेले तर वेगळं. वजनाच्या तक्त्यात हा फरक दिसत नाही. सायन्सवाल्यांनी इतिहासात शिरायचं कारण मला तरी इथेच सापडतं.

पोर-क्रो हे बेट 1963 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. 1993 पासून फ्रान्सच्या मुख्य भूमीच्या भूमध्य सागरी किनाऱ्यावर भाल्याने ग्रूपर मारायला बंदी आली. पाणबुड्यांनी पोर-क्रोच्या पाण्यात ग्रूपर मोजले तेव्हा 1993 मध्ये आकडा शंभराच्या आत होता. 2010 नंतरच्या गणनांत तो सहाशेच्या वर गेला. आता हा काळ बघा: सीझन नाही, दोन दशकं. यात पाणी तापल्याचाही वाटा असावा, कारण उबदार पाण्यात या माशाचं प्रजनन उत्तरेकडेही होऊ लागलं. त्यामुळे ‘बंदी केली आणि मासे आले’ इतकं सरळ वाक्य पेपरात लिहू नका, रिव्ह्यूअर धरेल. पण एवढं नक्की म्हणता येतं, की द्यूमानंतरच्या पिढ्यांना जो रिकामा किनारा मिळाला, तो कुठल्याही एका वाईट वर्षाचा परिणाम नव्हता.

आता स्वप्नांबद्दल. लांबच्या पाण्याचं स्वप्न हा घरच्या पाण्याच्या ऱ्हासाचा पुरावा मानता येईल का? मला आधी वाटत होतं, येईल. मग हान्स हासचं चरित्र वाचलं आणि हे गृहीतक जरा सैल करावं लागलं. हास व्हिएन्नाचा. 1937 मध्ये, अठरा वर्षांचा असताना, तो रिव्हिएरात आला आणि तिथे त्याने गिलपॅट्रिकला भाल्याने मासे मारताना पाहिलं. झालं, पोरगा वेडा झाला. पुढच्याच वर्षी मित्रांना घेऊन दाल्मेशियाच्या किनाऱ्यावर. त्याच्या पुढच्या वर्षी, 1939 मध्ये, थेट कॅरिबियनमधली क्युरसाओ आणि बोनेर बेटं. तिथे असतानाच दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि घरी यायला त्याला अमेरिका, जपान, सायबेरिया असा पृथ्वीला वळसा घालावा लागला. दोन वर्षांत अँतिबपासून बोनेरपर्यंत! पण यावरून ‘भूमध्य सागरात मासे नव्हते म्हणून तो गेला’ असं म्हणता येत नाही. व्हिएन्नाला समुद्रच नाही. त्याच्यासाठी प्रत्येक समुद्र लांबचाच होता. स्वप्नाला भूक लागते तशी हौसही लागते. कुठल्या स्वप्नामागे काय आहे ते प्रत्येक वेळी वेगळं तपासावं लागतं.

हासच्या पहिल्या पुस्तकाचं नाव होतं ‘पाण्याखालची शिकार, हार्पून आणि कॅमेऱ्यासह’, मूळ जर्मन, 1939 सालचं. हार्पून आधी, कॅमेरा नंतर. पुढच्या आयुष्यात हार्पून गळून पडला. त्याने कायद्याचं शिक्षण सोडून प्राणिशास्त्र घेतलं आणि बर्लिनमध्ये ब्रायोझोआ या शेवाळासारख्या दिसणाऱ्या इवल्याशा समुद्रजीवांच्या एका कुळावर पीएचडी केली. नमुने गोळा करायला तो स्वतः श्वसनयंत्र लावून समुद्रतळाशी उतरायचा. 1940 च्या दशकात असं करणारा पीएचडीचा विद्यार्थी विरळाच. (आपल्याला फील्डवर जायला रेल्वेच्या कन्सेशनचा फॉर्म मिळत नाही, ते सोडा.) ऑस्ट्रेलियाचा रॉन टेलर 1965 मध्ये ताहितीत भालाशिकारीचा जगज्जेता झाला आणि नंतर त्यानेही शिकार सोडून कॅमेरा धरला. हा बदल अनेकांच्या बाबतीत दिसतो. का? पश्चात्ताप म्हणावं, चित्रपटांतला पैसा म्हणावं, की मारायला उरलंच नव्हतं म्हणावं? तिन्ही असू शकतं. त्यांच्या आत्मचरित्रांत पहिलं कारण ठळक असतं, हे साहजिक आहे.

मात्र कॅलिफोर्नियाची गोष्ट अशी आहे, की तिथे स्वप्न आणि ऱ्हास यांचा संबंध तारखांसकट दिसतो. सॅन डिएगोत 1933 मध्ये ‘बॉटम स्क्रॅचर्स’ नावाचा क्लब निघाला. तळ खरवडणारे. अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या भालाशिकारी क्लबांपैकी हा एक. सदस्य होण्यासाठी हातांनी तळावरची शिंपली आणि जिवंत छोटे शार्क वर आणायची परीक्षा होती. या मंडळींचा मानाचा मासा म्हणजे जायंट सी बास. अडीचशे किलोपर्यंत वाढणारा, सत्तरहून जास्त वर्षं जगणारा, स्वभावाने संथ, माणसाला फारसा न बिचकणारा. भालाशिकाऱ्यांच्या आठवणींत 1930 ते 1950 हा या किनाऱ्याचा सुवर्णकाळ आहे. ला होयाच्या पाण्यात हे मासे म्हशीसारखे पडलेले असत, अशा थाटात ते वर्णन येतं.

पण व्यावसायिक मासेमारीच्या सरकारी नोंदी काढल्या तर दिसतं, की कॅलिफोर्नियाच्या स्वतःच्या पाण्यातून या माशाचं सर्वाधिक उत्पादन 1929 मध्ये झालं आणि नंतर काही वर्षांतच कोसळलं. बोटी तोवर दक्षिणेला मेक्सिकोच्या पाण्यात सरकल्या होत्या, आणि तिथला उच्चांक 1932 चा. म्हणजे क्लब स्थापन झाला तेव्हा घरचा माल आधीच उतरणीला लागला होता. ज्यांना आपण ‘पहिली पिढी’ म्हणतो, ज्यांचा सुवर्णकाळ आपण प्रमाण मानतो, ते उरलेल्यावर शिकार करत होते. त्यांना मात्र तो समुद्र भरलेलाच वाटला, कारण त्याआधीचा त्यांनी पाहिला नव्हता.

आता 1982 सालावर या. त्या वर्षापासून कॅलिफोर्नियात हौसेखातर जायंट सी बास मारायला बंदी लागू झाली. व्यावसायिक जाळ्यात चुकून आलेल्या एखाद्दुसऱ्या माशापुरती सवलत राहिली. आणि त्याच 1982 मध्ये टेरी मास या कॅलिफोर्नियाच्या भालाशिकाऱ्याने ग्वादालुपे बेटाजवळ 398 पौंडांचा, म्हणजे साधारण 180 किलोचा ब्लूफिन ट्युना एका दमात बुडी मारून टिपला. हा विक्रम पुढे अनेक वर्षं सांगितला जात होता. ग्वादालुपे मेक्सिकोचं. किनाऱ्यापासून जवळजवळ अडीचशे किलोमीटर आत, ज्वालामुखीचं उजाड बेट. बोटीवर झोपायचं, तिथेच जेवायचं, दिवसेंदिवस वाट बघायची. एकाच वर्षी घरच्या माशावर बंदी आणि लांबच्या माशाचा विक्रम. शिकारीच्या मासिकात दुसरी बातमी पहिल्या पानावर येणार हे सांगायला नको. त्या मासिकांच्या फायली लावून बसलात तर तुम्हाला प्रगतीचा आलेख मिळेल: मासे मोठे होत चाललेत, शिकारी कुशल होत चाललेत. नकाशावर टिंबं मांडलीत तर उलटी गोष्ट दिसेल. प्रत्येक विक्रम घरापासून आणखी लांब. ‘दूरची सफर’ आकड्यांना तगवून धरते. माणूस सरकत राहतो, तोवर एकूण वजन घटत नाही.

हे सरकणं शास्त्राच्या भाषेत मांडायला 1995 साल उजाडलं. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने एका पानाची टिपण लिहिली. खरंच एक पान! त्यात त्याने ‘शिफ्टिंग बेसलाइन सिंड्रोम’ ही कल्पना मांडली. मराठीत आपण ‘सरकती पायरेघ’ म्हणू. प्रत्येक पिढीचा शास्त्रज्ञ आपल्या करिअरच्या सुरुवातीला जे बघतो त्यालाच मूळ स्थिती धरतो. नंतर घट मोजतो ती तिथून. पुढची पिढी आणखी खालून सुरू करते. पॉलीने उदाहरण दिलं ते एका सहकाऱ्याच्या आजोबांचं. डेन्मार्कजवळच्या कात्तेगातच्या पाण्यात 1920 च्या दशकात ते बांगड्याच्या कुळातल्या मॅकरेलसाठी जाळी लावत, आणि त्यात ब्लूफिन ट्युना अडकायचे. आजोबांना त्याचा वैताग यायचा, कारण ट्युनाला गिऱ्हाईक नव्हतं. ज्या माशासाठी पुढे कॅलिफोर्नियाचा माणूस अडीचशे किलोमीटर समुद्रात जाऊन झोपतो, तो कधीकाळी एका किनाऱ्यावर घरच्या जाळ्यातला उपद्रव होता.

नीट बघा, पॉलीचा आरोप शिकाऱ्यांवर नाही. तो आपल्यावर आहे. सिनॉप्सिसमध्ये ‘अभ्यासाचा कालखंड: 2000 ते 2025’ असं आपण किती सहज लिहितो. का? ऑनलाइन डेटा तिथून उपलब्ध आहे म्हणून. त्या एका ओळीने 2000 साल ‘नॉर्मल’ ठरतं.

मग त्याआधीचं कसं शोधायचं? दोन अभ्यास मला फार आवडतात, दोन्ही कमी खर्चाचे. 2005 मध्ये आंद्रेआ साएन्स-अरोयो आणि सहकाऱ्यांनी मेक्सिकोच्या कॅलिफोर्निया आखातातल्या 108 मच्छीमारांशी बोलून एक पेपर लिहिला. तीन पिढ्या घेतल्या: तरुण, मध्यम, म्हातारे. ‘पूर्वी कसं होतं?’ असा गुळमुळीत प्रश्न विचारला असता तर ‘पूर्वी फार छान होतं’ हेच उत्तर सगळीकडून आलं असतं. तुमच्या आजोबांना विचारून बघा. या लोकांनी विचारलं, की तुमच्या आयुष्यातल्या सगळ्यांत चांगल्या दिवशी गल्फ ग्रूपर किती मिळाले, आणि मारलेला सगळ्यांत मोठा केवढा होता. संपलेल्या जाती आणि रिकाम्या झालेल्या जागा कोणत्या, हेही विचारलं. म्हाताऱ्यांनी तरुणांच्या पाचपट जाती आणि चौपट जागा सांगितल्या. सर्वोत्तम दिवसाच्या ग्रूपरच्या संख्येत फरक 25 पटींपर्यंत होता. आणि मोठे मासे कधीकाळी इथे सर्रास मिळायचे, किनाऱ्याजवळच मिळायचे, हे तरुणांपैकी थोड्यांनाच माहीत होतं. एकाच गावात, एकाच धक्क्यावर राहून. द्यूमाची पैज आठवते? सर्वोत्तम दिवस हे एकक इथे उपयोगी पडलं.

दुसरा अभ्यास लॉरेन मॅक्लेनाकनचा, 2009 चा. तेव्हा ती स्वतः पीएचडी करत होती. फ्लोरिडातल्या की वेस्टच्या सार्वजनिक ग्रंथालयात तिला जुने फोटो सापडले. पर्यटकांना मासेमारीला नेणाऱ्या बोटी संध्याकाळी परत आल्या की धक्क्यावरच्या फळीला दिवसाचे मासे टांगून गिऱ्हाइकांचा फोटो काढायची पद्धत होती. (हे गळाचे मासे, भाल्याचे नव्हेत, पण हौस तीच.) फळीची उंची ठाऊक, म्हणून माशाची लांबी मोजता येते, लांबीवरून वजन काढता येतं. 1956 पासूनचे फोटो तिने मोजले आणि 2007 मध्ये त्याच धक्क्यांवर जाऊन स्वतः फोटो काढले. माशाचं सरासरी वजन 19.9 किलोवरून 2.3 किलोवर आलं होतं. आधी फळीवर माणसाच्या उंचीचे ग्रूपर, शेवटी वीतभर-हातभर स्नॅपर. आणि सफरीचा दर? महागाईचा हिशेब करून पाहिला तर तो उतरलेलाच नव्हता. लोक तेवढेच पैसे देऊन, तेवढ्याच हौसेने, दहाव्या हिश्श्याच्या माशाबरोबर उभे होते. हा आकडा वाचल्यावर मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.

भालाशिकारीत याहून नेमका स्रोत म्हणजे स्पर्धांच्या नोंदी. स्पेनच्या बालेआरिक बेटांवरच्या संशोधकांनी 1975 ते 2001 या काळातल्या स्पर्धांच्या आधारे पेपर लिहिला आहे. स्पर्धेची वही रुक्ष असते, पण तिच्यात किती शिकारी, किती तास, किती मासे, किती वजन हे सगळं एका जागी मिळतं. ‘किती तास’ याला तुमच्या विषयात एफर्ट म्हणतात. मासे भागिले तास केल्याशिवाय ‘सीझन वाईट’ या शब्दांना अर्थ येत नाही. गढूळ पाण्याचा दिवस आणि रिकाम्या खडकाचा दिवस यांतला फरकही असाच निघतो. एका वर्षापुरता आकडा पडून परत वर आला तर हवामान. वीस वर्षं पायरी-पायरीने उतरत गेला तर दुसरं काही. अर्थात इथेही एक भोक आहे. शिकारी खोल जायला शिकतो, बंदूक सुधारते, बोटीला इंजिन बसतं, आणि ताशी वजन टिकून राहतं. म्हणून तासांबरोबर खोली आणि अंतर हवं. द्यूमाच्या गोष्टीतला 45 ते 60 फूट हा तपशील मला त्याच्या 280 पौंडांपेक्षा मौल्यवान वाटतो तो यासाठी.

आपल्याकडे हौशी भालाशिकार फारशी नाही, पण हा पेच आपल्या धक्क्यांवरही आहे. ‘मत्स्यदुष्काळ’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत नेहमी दिसतो. दुष्काळ म्हटला की पुन्हा तीच आशा: यंदा पडला नाही, पुढच्या वर्षी पडेल. आणि राज्याच्या एकूण उत्पादनाचे टन बघून ‘सगळं ठीक’ म्हणणारेही असतात. पण सकाळी जाऊन दुपारी परतणारी होडी आणि बर्फ भरून कित्येक दिवस बाहेर राहणारा ट्रॉलर यांचे मासे त्या आकड्यात एकाच रकान्यात बसतात. टनांच्या शेजारी दिवस, डिझेल आणि अंतर हे रकाने मांडलेत, की मग बोला.

तुमच्यापैकी कोणी किनाऱ्यावरच्या गावात मुलाखती घेणार असाल तर प्रश्नावली आत्ताच काढा आणि ‘पूर्वीच्या तुलनेत मासे कमी झाले आहेत का?’ हा प्रश्न खोडा. त्याच्या जागी हे घाला: पहिल्यांदा बोटीवर गेलात ते वय किती होतं? तेव्हा धक्क्यापासून किती वेळात मासेमारी सुरू व्हायची? तुमचा सगळ्यांत चांगला दिवस कोणता, त्या दिवशी काय मिळालं, किती खोल पाण्यात? जाळ्यात येऊनही फेकून द्यायचात असा मासा कोणता होता? शेवटच्या प्रश्नाला वेळ द्या. माणसं आधी हसतात, मग आठवायला लागतात.